जिनिंगच्या गावातला कॉम्प्युटर : आतली धूळ जपून कशी काढावी

मार्चअखेरच्या गडबडीत अमळनेरजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, कार्यालयात हिशेबाचा कॉम्प्युटर रोज दुपारी दोन-अडीचच्या सुमारास आपोआप बंद पडू लागला. सकाळी तो बिनतक्रार चालत असे, उन्हे चढली की सुस्तावत असे आणि ऐन कामात पडदा काळा होत असे. संशय आधी यूपीएसवर गेला, मग विंडोजवर. विंडोज नव्याने टाकून झाले, तरी दुपारचा नेम काही चुकला नाही. शेवटी वजनकाट्यावर बसणाऱ्या आप्पांनी कॅबिनेटवर हात ठेवला आणि ते एवढेच म्हणाले, “भाऊ, हाऊ डबा तपी ऱ्हायना.” म्हणजे हा डबा तापतो आहे. निदान नेमके तेच होते.

हिशेबाचे टेबल माझे असल्यामुळे कॅबिनेट उघडण्याचे कामही माझ्याकडेच आले. आत पाहिले तर फारशी धूळ दिसेना. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, पातळसा थर होता आणि प्रोसेसरवरचा पंखाही नीट फिरत होता. पंख्याच्या पात्यांमधून बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा खालच्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांवर बसलेला करडा-पांढरा घट्ट थर दिसला. चिमट्याने एक कडा धरून ओढल्यावर तो अख्ख्या चकतीसारखा, जुन्या गोधडीचा तुकडा निघावा तसा बाहेर आला. तो होता कापसाचा तंतू, आणि त्यात अडकून बसलेली काळी माती. पंखा इतके दिवस हवा या गोधडीवर आपटत होता आणि पट्ट्यांपर्यंत तिची झुळूकही पोहोचत नव्हती.

त्या दिवशी एक गोष्ट कायमची कळली. कॉम्प्युटरमधली सगळी धूळ सारखीच घातक नसते. हवेच्या वाटेवर बसलेली धूळ आधी काढायची असते आणि ती काढताना वीज, अंगावरचा विद्युतभार आणि आपला उतावीळपणा या तिघांपासून यंत्र सांभाळायचे असते. बिघडलेली बरीच यंत्रे धुळीने बिघडलेली नसतात, ती धूळ काढताना बिघडलेली असतात.

खानदेशातली धूळ एका जातीची नाही. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते आणि पुढे चार-पाच महिने जिनिंग चालू असते. त्या काळात परिसरातल्या घरांत आणि दुकानांत बारीक तंतू तरंगत राहतो. मातीचा कण एखाद्या फटीतून निसटून जातो, तंतू मात्र आडवा अडकतो, मग त्याला दुसरा तंतू अडकतो, आणि अशी जाळी तयार झाली की तिच्यात माती साठत जाते. जळगावातल्या डाळ मिलच्या आसपास हीच गत भुशामुळे होते. नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्यांजवळचे कॅबिनेट उघडायचे असेल तर तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय उघडू नये, कारण पहिल्याच फुंकरीला शिंकांनी काम थांबते. हे सांगणे थट्टेचे वाटेल, पण ते अनुभवाचे आहे.

धुळीमुळे नेमके काय घडते, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा तो ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ठोकळा, आणि पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश वर राहील एवढेच ते ठरवतात. समजा एखादी व्यवस्था प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ अंश वर ठेवते. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७० अंशांवर राहील आणि कोणाला काही जाणवणार नाही. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा पत्र्याच्या छताखालची खोली सहज ४२ अंशांवर जाते, आणि तोच प्रोसेसर ८७ अंशांवर पोहोचतो. यात धुळीने अडवलेल्या हवेचे आणखी १५ अंश मिळवले की आकडा शंभरापलीकडे जातो. आजकालच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. पुण्यात वर्षभर निभावून नेणारी धूळ आपल्याकडे उन्हाळ्यात यंत्र बंद पाडते ती यामुळे.

पावसाळ्यात धुळीचा दुसरा गुण पुढे येतो. कोरडी धूळ विजेला फारशी वाट देत नाही, परंतु मातीतले क्षार दमट हवेतले पाणी धरून ठेवतात, आणि असा ओलसर थर मदरबोर्डवरच्या सोल्डरच्या बारीक जोडांवर राहिला तर हळूहळू गंज धरतो व क्वचित नको तेथून थोडा विद्युतप्रवाहही जाऊ लागतो. म्हणून कापसाचा हंगाम ओसरल्यावर आणि ऊन तापण्यापूर्वी, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकदा सफाई करणे सर्वांत फायद्याचे ठरते. जिनिंग, पिठाची गिरणी किंवा रस्त्यालगतचे दुकान असेल तर दर तीन महिन्यांनी जाळ्यांकडे पाहावे. दिवाळीपूर्वी घराला रंग देताना भिंती घासल्या जातात, तेव्हा मात्र कॉम्प्युटर बंद करून, तारा काढून, पूर्ण झाकून दुसऱ्या खोलीत ठेवावा. पुट्टीची धूळ पिठापेक्षा बारीक असते आणि ती पंख्याच्या दांड्यापर्यंत शिरते.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी कंपनीची वॉरंटी चालू आहे का आणि झाकणावर सील चिकटवलेले आहे का, हे पाहून घ्यावे. त्यानंतरची पहिली गोष्ट वीज तोडण्याची, आणि येथे घाई अजिबात चालत नाही. कॉम्प्युटर रीतसर शट डाउन करावा, मग भिंतीवरचे बटण बंद करावे. एवढ्याने वीज तुटली असे समजू नये. बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, आणि भिंतीवरचे बटण बंद केले की यूपीएस आपल्या बॅटरीतून वीज देऊ लागतो, कारण त्याचे कामच ते आहे. ‘लाइट गेली आहे, आता निवांत खोलू’ असे म्हणून भारनियमनाच्या वेळेत कॅबिनेट उघडणारी माणसे मी पाहिली आहेत. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असलेल्या खोलीत त्या म्हणण्याला काही अर्थ नाही. शिवाय जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असू शकते, म्हणजे बटण बंद असूनही तारेत वीज राहते. म्हणून कॅबिनेटच्या मागच्या बाजूची जाड वीजतार हाताने ओढून पूर्ण बाहेर काढावी आणि ती डोळ्यांसमोर वेगळी ठेवावी. मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर, इंटरनेट यांच्या ताराही काढाव्यात. मग कॅबिनेटचे चालू करण्याचे बटण १०-१५ सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डच्या बाजूला उरलेला भार वाहून जातो. कधी कधी पंखा किंचित हलून थांबतो, तो याचाच पुरावा.

कॉम्प्युटर चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे बहुधा समजावे. एसएमपीएस, म्हणजे जेथे मागून वीजतार लागते तो पत्र्याचा डबा; त्याच्या तोंडाशी असलेले फिल्टरचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर आपल्या बोटांतून जातो. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये तार खुपसण्याची खोड आपल्याकडे फार आहे. अशा ठिकाणी धूळ काढण्यापूर्वी वायरमनला बोलावणे जास्त गरजेचे आहे.

आता अंगावरच्या विद्युतभाराविषयी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत टेरिकॉटचा सदरा किंवा लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, केस उभे राहतात. ती स्थितिक विद्युत. बोटाला चटका जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात, तर चिपमधल्या सूक्ष्म रचनेला काहीशे व्होल्ट किंवा त्याहून कमीही पुरेसे होतात. म्हणजे आपल्याला काहीच न जाणवता रॅमची पट्टी दुखावलेली असू शकते, आणि ती त्याच दिवशी बंद न पडता महिन्याभराने त्रास देऊ लागते. यावरचा उपाय सोपा आहे. आपले अंग आणि यंत्र यांच्या विद्युतपातळीत फरक ठेवायचा नाही. सुती कपडे घालावेत, सतरंजीवर किंवा प्लॅस्टिकच्या चटईवर बसू नये, कॅबिनेट लाकडी टेबलावर किंवा फरशीवर आडवे ठेवावे, आणि कोणत्याही सुट्या भागाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात टेकवावा. उठून पाणी प्यायला गेलो, परत आलो, की पुन्हा टेकवावा. मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा मिळतो, तो घेतला तर उत्तमच. मात्र त्याचा चिमटा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यालाच लावायचा असतो.

साहित्य फार लागत नाही. चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ केसांचा कोरा ब्रश, टोक बोथट असलेला चिमटा, बॅटरी, तोंडाला मास्क आणि हवा मारण्यासाठी विजेचा हातब्लोअर किंवा दाबहवेचा डबा. डबा वापरताना तो उभाच धरावा, कारण तिरका किंवा उलटा केला की आतला द्रव अतिथंड फवाऱ्यासारखा बाहेर येतो. अनेक डब्यांतला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे जवळ दिवा, उदबत्ती किंवा शेगडी नसावी. घरातला व्हॅक्यूम क्लीनर कॅबिनेटच्या आत घालू नये. धूळ प्लॅस्टिकच्या नळीतून वेगाने घासत जाते तेव्हा तोंडाशी विद्युतभार साठतो, आणि एखादा सुटा जंपरही (मदरबोर्डवरच्या दोन पिना जोडणारी बारीक टोपी) आत ओढला जातो. ओले फडके, रॉकेल, पेट्रोल आणि तोंडाची फुंकर या चारही गोष्टी वर्ज्य समजाव्यात. फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक तुषार जातात.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. पहिला कॉम्प्युटर घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी कॅबिनेट स्कूटरवर बांधून टायरवाल्याकडे नेले. हवेचा जोर असा, की दोन मिनिटांत आत कण राहिला नाही, आणि ग्राफिक्स कार्डचा पंखा शिट्टी घातल्यासारखा किंचाळत फिरला. मला तेव्हा मौज वाटली. संध्याकाळी घरी आल्यावर त्या पंख्यातून घरघर सुरू झाली आणि आठवड्याभरात तो जाम झाला. पंख्याच्या बेअरिंगला जेवढा वेग झेपतो त्याच्या कितीतरी पट वेगाने तो फिरवला गेला होता. शिवाय पंख्याची मोटर बाहेरून फिरवली की ती जनित्रासारखी उलटी वीज तयार करते आणि ती मदरबोर्डकडे जाऊ शकते. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतल्या बाष्पाचे पाणी आणि थोडे तेलही साचलेले असते, ते हवेबरोबर फवारले जाते. माझ्या मदरबोर्डवर त्याचे तेलकट ठिपके वर्षभर होते आणि त्यांच्यावर धूळ आणखी चिकटून बसत होती.

तेव्हापासूनचा नियम असा, की हवा मारण्यापूर्वी प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने धरून ठेवायचे. ब्लोअर सुरू करताना त्याचे तोंड आधी अंगणाकडे करून त्याच्यातली धूळ उडवून टाकायची, आणि मग वीतभर अंतरावरून, थोड्या थोड्या झोतांनी हवा मारायची. हे काम खोलीत करू नये. ओट्यावर किंवा गच्चीवर करावे, वावटळीच्या वेळा टाळाव्यात, आणि उडालेली धूळ वाऱ्याबरोबर पलीकडे जाईल अशा बाजूला स्वतः उभे राहावे.

झाकण काढल्यावर हात घालण्यापूर्वी मोबाइलने दोन-तीन फोटो काढावेत. कोणती तार कोठे होती हे नंतर हमखास आठवत नाही. त्यानंतर पुढच्या आणि तळाच्या जाळ्या काढाव्यात. त्या साध्या पाण्याने धुता येतात, मात्र पूर्ण वाळेपर्यंत परत लावू नयेत. कॅबिनेटच्या मागच्या पंख्याची पाती ब्रशने एकेक करून झाडावीत, कारण हवेने पात्यांच्या कडेला चिकटलेली काळी रेघ निघत नाही.

मग खरे काम, प्रोसेसरवरचा हीटसिंक. पंखा धरून बाजूच्या फटींतून हवा मारली की सुटी धूळ निघते, पण तंतूंची चकती हवेने बहुधा आणखी आत दबते. तिला आधी चिमट्याने कडेने उचलून ओढावे, उरलेले तंतू ब्रशने मोकळे करावेत आणि मगच हवा मारावी. पंखा हीटसिंकवर चार स्क्रूंनी बसवलेला असेल तर तेवढाच वर उचलून घेता येतो आणि काम फार सोपे होते. संपूर्ण हीटसिंक मात्र उगाच काढू नये. तो काढला की खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणारा लेप, तुटते, आणि जुन्या पेस्टवर तोच परत बसवला तर सफाईनंतर यंत्र आधीपेक्षा जास्त तापते. पेस्ट चार-पाच वर्षे जुनी असेल आणि नवी जवळ असेल तरच तिकडे वळावे. तेव्हा जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब मधोमध ठेवावा आणि हीटसिंकच्या दाबानेच तो पसरू द्यावा. एएमडी कंपनीच्या बऱ्याच, विशेषतः जुन्या, प्रोसेसरांना खाली पिना असतात. पेस्ट सुकलेली असेल तर हीटसिंक सरळ वर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटे यंत्र चालवून पेस्ट कोमट करावी, वर सांगितल्याप्रमाणे वीज तोडावी आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची खिट्टी दाबून, मागचा स्क्रू काढून, कडा धरून ते बाहेर घ्यावे आणि त्याचे पंखे वेगळे साफ करावेत. रॅम नीट चालत असेल तर तिला हात लावू नये. आपल्याकडे रॅमच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवण्याची पद्धत आहे आणि तिने पुष्कळदा यंत्र सुरू होते, हे मला मान्य आहे. परंतु दर वेळी खोडरबर घासल्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत पडतो. अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला तंतूविरहित कपडा तेच काम जपून करतो. हार्ड डिस्कवर एक बारीक छिद्र असते, त्यावर हवा मारू नये; सीडीच्या खणातही मारू नये, लेन्सवर धूळ जाते.

एसएमपीएसचा डबा कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते, आणि आतला मोठा कपॅसिटर तेवढ्या व्होल्टवर भरलेला असतो. काही प्रकारांत हा आकडा ४०० च्या जवळ जातो. वीजतार काढल्यानंतरही हा भार काही काळ टिकू शकतो, आणि पॉवर बटण दाबल्याने तो पूर्ण उतरला अशी खात्री देता येत नाही. या डब्याला बाहेरूनच, जाळीतून अगदी आखूड झोत द्यावेत, पंखा वेग घेण्यापूर्वी थांबावे, आणि जाळीतून तार किंवा स्क्रू ड्रायव्हर आत घालू नये. त्यातून जळका वास येत असेल किंवा पंखाच फिरत नसेल तर डबा बदलून घ्यावा.

उघडलेच आहे तर बॅटरीच्या उजेडात मदरबोर्डवरच्या गोल कपॅसिटरांचे माथे पाहून घ्यावेत. ते सपाट हवेत. फुगलेले किंवा तपकिरी पाझर आलेले असतील तर दोष धुळीचा नाही. कोपऱ्यात पालीची अंडी किंवा मुंग्यांचे वारूळ सापडले तर मागच्या रिकाम्या खाचेची पट्टी निघालेली आहे का, तेही तपासावे. त्या वाटेने उंदीरही येतात.

सगळे जागेवर बसवताना फोटोंशी ताडून पाहावे. प्रोसेसरच्या पंख्याची बारीक तार लावायची राहिली तर यंत्र सुरू होताच पंख्याची चूक असल्याचा संदेश येतो, आणि एखादी तार पात्यात अडकली तर टकटक ऐकू येते. पडदाच आला नाही तर घाबरू नये. वीजतार पुन्हा काढून रॅम आणि ग्राफिक्स कार्ड त्यांच्या खाचेत टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवले की बहुधा काम होते. झाकण लावूनच कॉम्प्युटर चालवावा. उन्हाळ्यात झाकण उघडे टाकून टेबलफॅन लावण्याची युक्ती काही दिवस बरी वाटते, पण तो टेबलफॅन रस्त्यावरचा फुफाटा थेट मदरबोर्डवर फेकत असतो आणि पंख्यांनी आखलेली हवेची वाटही मोडते. कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून दूर आणि पुढची जाळी दाराकडे नसेल असे ठेवावे. वर टाकलेला भरतकामाचा रुमाल यंत्र चालू करण्यापूर्वी काढावा.

शेवटी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) पानावर किंवा एखाद्या मोफत मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे तापमान सफाईपूर्वी आणि सफाईनंतर, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी, पाहून वहीत लिहून ठेवावे. जिनिंगमधल्या त्या यंत्राचा दुपारचा आकडा ९८ वरून ७९ वर आला होता. आप्पांनी पुन्हा पत्र्यावर हात ठेवला, मान हलवली आणि ते काट्यावर परत गेले, कारण बाहेर कापसाच्या तीन गाड्या उभ्या होत्या.